जुन्या टोपोशीटवर छोट्या लाइनीचं गाव, तलाव आणि पांदण कशी शोधावी

प्रश्न: आमचं मूळ गाव उमरेड आणि भिवापूरच्या मधे, नागपूर–नागभीड छोट्या लाइनीला लागून. आजोबा सांगायचे की गावातून स्टेशनापर्यंत बंडी जायची. वाटेत मालगुजाराचा तलाव होता आणि तलावापलीकडे एक ओसाड गाव. आज ती वाट वावरांत गडप झाली आहे आणि आमच्या शेताला रस्ता नाही. जुने टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचे भूभागाचे नकाशे) कुठे मिळतात, ते कसे वाचायचे आणि रस्त्याच्या वादात कामी येतात का?

उत्तर: नागपूर, भंडारा, वर्धा आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत मी तीस वर्षांहून जास्त काळ मोजणीचं काम केलं आहे. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन दर हिवाळ्यात कुणी ना कुणी येतंच. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तुमचा वेळ आणि पैसा त्यावर अवलंबून आहे.

टोपोशीटवर वाट दिसली एवढ्यावरून तहसीलदार ती मोकळी करून देणार नाही. टोपोशीटवर मालकी नसते, धुरे म्हणजे बांध नसतात, खसरा म्हणजे शेताचा नंबर नसतो. पण ती वाट होती, कुठून निघून कुठे जात होती आणि कोणत्या सालच्या पाहणीत जिवंत होती, हे सांगणारा इतका निष्पक्ष साक्षीदार दुसरा मिळत नाही. नकाशा काढणाऱ्याला तुमच्या भावकीशी काही घेणंदेणं नव्हतं. म्हणून टोपोशीट हा वादाचा शेवट समजू नका, शोधाची सुरुवात समजा. कोणत्या दप्तरात काय मागायचं आणि शिवारात कुठे उभं राहायचं, हे त्यावरून कळतं.

आता तुमचं शीट कोणतं ते पाहू. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतीत ४ अंश अक्षांश आणि ४ अंश रेखांशाच्या चौकोनाला एक आकडा असतो. तुमचा उमरेड-भिवापूरचा भाग ५५ मध्ये येतो. त्याचे एक-एक अंशाचे १६ तुकडे पाडून त्यांना इंग्रजी अक्षरं दिली आहेत, ए पासून पी पर्यंत. अक्षरं वरून खाली उतरतात, मग पुढचा उभा पट्टा सुरू होतो. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा १६ भाग, तेही तसेच वरून खाली. असा एक भाग म्हणजे १५ मिनिटं गुणिले १५ मिनिटं, आपल्या अक्षांशावर साधारण २६ किलोमीटर रुंद आणि पावणेअठ्ठावीस किलोमीटर उंच. नागपूर शहर ५५ ओ/४ वर आहे, कामठीही त्याच शीटवर. कुही ५५ ओ/८, उमरेड ५५ पी/५, भिवापूर ५५ पी/९ आणि नागभीड ५५ पी/१०. तुमचं गाव उमरेड-भिवापूरच्या मधलं, म्हणजे पी/५ आणि पी/९ ही दोन्ही शीटं लागतील. दोन शीटांची शीव ७९ अंश ३० मिनिटांच्या रेखांशावर आहे, आणि गाव नेमकं शिवेवर असलं की अर्धी वाट एका कागदावर आणि अर्धी दुसऱ्यावर जाते. लोक एकच शीट घेऊन बसतात आणि म्हणतात, वाट मधेच संपली.

हेच चौकोन वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या मापाने छापले गेले. इंग्रजांच्या काळातलं शीट एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०. दशमान पद्धत आल्यावर त्याच क्रमांकाचं शीट १:५०,००० झालं, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. जुन्यावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) ५० फुटांच्या अंतराने, नव्यावर २० मीटरच्या. तुम्हाला दोन्ही पिढ्यांची शीटं हवीत.

२००५ च्या नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी ओपन सीरिज आणि संरक्षण दलांसाठी वेगळी सीरिज अशी विभागणी झाली. ओपन सीरिजचे १:५०,००० चे नकाशे सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नाव नोंदवून उतरवता येतात. त्यांचे क्रमांक नव्या पद्धतीचे आहेत, म्हणून आपलं जुनं ५५ पी/५ तिथे त्याच नावाने सापडलं नाही तर गोंधळू नका, अक्षांश-रेखांशावरून शोधा. एक इंची जुनी शीटं मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, डेहराडूनला, विद्यापीठांच्या भूगोल विभागांत आणि जुन्या ग्रंथालयांत शोधावी लागतात. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारताचे १:२,५०,००० चे नकाशे काढले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. त्यावर पांदण, म्हणजे वावरांमधली गाडीवाट, दिसणार नाही, पण छोट्या लाइनी आणि त्यांची स्टेशनं एका नजरेत दिसतात. सुरुवात तिथून केली तरी चालेल.

शीट हातात आलं की गाव शोधायच्या आधी खालचा समास वाचा. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण याच जागी मी स्वतः चुकलो आहे. उमेदवारीच्या काळात एका गावच्या तलावाबद्दल अहवाल द्यायचा होता. शीटवर छापल्याचं साल होतं, तेच मी पाहणीचं साल धरलं आणि 'त्या साली तलाव भरलेला होता' असं लिहून मोकळा झालो. गावातल्या एका म्हाताऱ्या कास्तकाराने अहवाल ऐकून मान हलवली. त्याच्या लहानपणीच पाळ फुटली होती आणि तेव्हापासून तिथे तलाव नव्हताच. परत येऊन समास वाचला तेव्हा दिसलं की पाहणी छपाईच्या वीसेक वर्षं आधीची होती. मधल्या काळात फक्त रेल्वे आणि रस्ते दुरुस्त करून तेच शीट पुन्हा छापलं होतं. म्हातारा खरा होता आणि नकाशाही खरा होता, खोटं होतं ते माझं साल. तेव्हापासून मी प्रत्येक शीटसाठी तीन तारखा वेगळ्या लिहून ठेवतो: पाहणी कधी झाली, दुरुस्ती कशाची आणि कधीपर्यंत झाली, आणि छापलं कधी. एकाच कागदावर रूळ एका दशकाचे आणि वावरं दुसऱ्या दशकाची असू शकतात. काटोल-नरखेडकडे हे ठळक कळतं. नागपूर–इटारसी लाइन पूर्ण झाली १९२० च्या दशकात, त्यामुळे त्याआधीच्या पाहणीत काटोल हे बिनरेल्वेचं गाव आहे. नंतरच्या आवृत्तीत रूळ येतो, पण गावाचा आकार कित्येकदा जुनाच राहतो.

समासातच निशाणांची सूची असते, तीही त्याच शीटची वाचा. सूची काळानुसार बदलत गेली. साधारण असं धरा: रूळ काळे, रस्ते आणि वस्ती लाल, पाणी निळं, जंगल हिरवं, वाहितीची जमीन पिवळी, उंचसखलपणा तपकिरी. ब्रॉडगेज जाड काढतात, बाकीच्या गेजची रेष बारीक. गाडीवाट लाल तुटक रेषेने दाखवतात, पायवाट त्याहून बारीक. ज्या नाल्याला हिवाळ्यात पाणी नसतं त्याचं पात्र निळं नसतं. इथे लक्षात ठेवा की पाहणी पावसाळा संपल्यावर व्हायची. चिखलातली वाट सर्व्हेअरने पाहिलेली नाही, तुमच्या आजोबांनी पाहिली आहे.

तलावाच्या पाळीजवळ एक आकडा आणि त्यापुढे इंग्रजी 'आर' हे अक्षर दिसेल. ती पाळीची आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची. समुद्रसपाटीशी तिचा संबंध नाही. रेल्वेच्या भरावावर आणि खोदावरही हाच 'आर' असतो. जुन्या शीटवर आकडा फुटांत, दशमान शीटवर मीटरमध्ये. ६ आर म्हणजे एका पिढीत माणसाएवढी पाळ आणि दुसऱ्या पिढीत दुमजली घराएवढी, हे न पाहता पाळ 'वाढवली' असे निष्कर्ष काढलेले मी वाचले आहेत. नागपूरच्या पूर्वेला जमीन इतकी सपाट आहे की समोच्च रेषा फार बोलत नाहीत. तिथे हे 'आर'चे आकडेच जमिनीची चढउतार सांगतात.

नावांचं एक वेगळंच प्रकरण आहे. इंग्रजी नकाशात आपला 'ड' पुष्कळदा 'र' होतो. उमरेडचं उमरेर, नागभीडचं नागभीर. रेल्वेच्या पाट्यांवरही तीच रूपं टिकली. तुमच्या गावाच्या नावात ड असेल तर र धरून शोधा. बुद्रुक आणि खुर्द यांची आद्याक्षरं तेवढी असतात आणि ती डोळ्यांतून सहज निसटतात.

आता तुमच्या भागाचा नकाशा असा का दिसतो ते थोडं सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की वाट कुठे शोधायची ते कळतं.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरात आली १८६७ साली, भुसावळ-बडनेरा-वर्धा मार्गे. ती कापसासाठी आली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडची रुई थांबली, लँकेशायरच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाड आणि हिंगणघाटकडे वळलं, आणि रूळ टाकायची घाई झाली. दहा वर्षांत, १८७७ ला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. वर्धा-हिंगणघाटच्या शीटांवर याचा ठसा स्पष्ट दिसतो: स्टेशन, शेजारी जिनिंग-प्रेसिंगच्या इमारती, आणि चहूबाजूंनी स्टेशनाकडे धावणाऱ्या गाडीवाटा. सरकीचा कापूस गावातून यायचा, रुईच्या गठाणी रेल्वेने जायच्या. जुनी वाट गावाकडून बाजारगावाकडे जात असे, नवी वाट स्टेशनाकडे वळली. दोन पिढ्यांची शीटं शेजारी ठेवली की वाटांचं हे वळणं दिसतं. माझ्या दृष्टीने कापूसपट्ट्याच्या नकाशांतली ही सगळ्यात बोलकी गोष्ट आहे.

पूर्वेकडची गोष्ट वेगळी. तिकडे नागपूर-छत्तीसगड मीटरगेज १८८० च्या सुमारास राजनांदगावच्या दिशेने निघाली. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बेंगाल नागपूर रेल्वेने ती घेऊन ब्रॉडगेज केली आणि १८९१ पर्यंत आसनसोलकडे जोडली. तुमची छोटी लाइन, म्हणजे २ फूट ६ इंचाची नॅरोगेज, याच कंपनीच्या जाळ्यातली. इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी. धान, मिरची, लाकूडफाटा आणि बाजारहाटाची माणसं यांची ती गाडी. नॅरोगेजला तीव्र वळणं चालतात. म्हणून ती टेकडी, तलाव, नाला यांना वळसा घालत, गावांना चाटून जाते. १८६७ ची ब्रॉडगेज मात्र मैलोन्‌मैल सरळ पळते आणि गाव दोन-तीन मैल बाजूला राहतं. म्हणूनच छोट्या लाइनीच्या काठी 'स्टेशनची वाट' आखूड असते, अनेकदा एक-दीड मैलाची, आणि ती गावाच्या जुन्या पांदणीचाच एक तुकडा असते. स्टेशनासाठी वेगळा रस्ता कुणी बांधला नाही, असलेली पांदण स्टेशनाने उचलली.

तुमच्या आजोबांची वाट बहुधा याच जातीची आहे. म्हणजे ती रेल्वेपेक्षा जुनी असण्याची शक्यता मोठी, आणि रेल्वेपेक्षा जुनी असेल तर ती गावनकाशावर असण्याची शक्यताही मोठी.

तलावाबद्दल. मध्य प्रांतात १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात (जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामात) मालगुजारांना गावाचे मालकी हक्क मिळाले. धानाच्या पट्ट्यात तलाव, बोड्या आणि त्यांचे पाट ही गावाची जीवनदोरी होती. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना 'माजी मालगुजारी', तोंडी 'मामा तलाव' हे नाव पडलं. पण गावकऱ्यांचे पाण्याचे, चराईचे, वहिवाटीचे हक्क कुठेतरी लिहून ठेवणं भाग होतं. ते लिहिले गेले निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये. हे दोन कागद पुणे-नाशिककडच्या वकिलाला कदाचित नवे वाटतील, आपल्याकडे त्यांच्याशिवाय पान हलत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यांना अनुक्रमे कलम १६१ आणि १६५ आहे. तुमची वाट तलावाच्या पाळीवरून किंवा पाळीखालून जात असेल तर तिचा उल्लेख या कागदांत शोधाच.

ओसाड गावाला आपल्याकडे रिठी म्हणतात. सातबाऱ्यावर आजही 'मौजा अमुक (रिठी)' असं येतं: मौजा आहे, पटवारी हलका आहे, खसरे आहेत, फक्त माणूस राहत नाही. टोपोशीटवरही ओसाड गावाचं निशाण वेगळं आहे. रिठी ही जुन्या वाटांची गाठ असते. गाव उठलं तरी त्याच्याकडे येणाऱ्या तीन-चार वाटा पुढची कितीतरी वर्षं चालत राहतात, कारण पुढची गावं तीच असतात.

एका रिठीवर गेलो होतो ते सांगतो. सोबत एक इंची शीट, कापडावर चिकटवलेलं, घड्यांवर कागद झिजून फक्त कापड उरलेलं. शीटवर गाडीवाट, एक पक्की विहीर आणि ओसाड गावाचं निशाण. जमिनीवर कापणी झालेलं सोयाबीनचं वावर, वाट कुठेच नाही. विहीर सापडली ती झुडपात. तिच्या दगडी कडेवर दोराने घासून पडलेल्या खाचा होत्या, बोट बसेल इतक्या खोल. विहिरीपासून नकाशातल्या दिशेने पाहिलं तर वावराच्या मधोमध चिंचेची चार झाडं एका ओळीत उभी. धुऱ्यावर नव्हे, वावराच्या मधे. कास्तकार वावराच्या मधे चिंच लावत नाही. ओळीत चालत गेलो तशी पायाखाली खापरं लागली, कौलांची आणि रांजणाची. बकऱ्या चारणारी एक बाई लांबून पाहत होती. विचारण्याआधीच म्हणाली, "टेसनची वाट पाह्यता का? हेच होय ते." तिने ती वाट कधी चालून पाहिली नव्हती, तिच्या सासूने सांगितलं होतं.

म्हणून सांगतो, शीट घेऊन शिवारात जा आणि सरळ वाट शोधू नका. आधी विहीर, चिंच, मारुती, पाळीचं टोक आणि रेल्वेची मोरी शोधा. या गोष्टी जागा सोडत नाहीत. वाट नांगराखाली जाते.

आता घरच्या कामाचं. जुनं शीट स्कॅन करून क्यूजीआयएस सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आजच्या उपग्रह चित्रावर बसवता येतं. इथे दोन खड्डे आहेत. पहिला मोठा. १९०५ च्या आसपासच्या सुधारणेआधीच्या जुन्या शीटांवर रेखांश सुमारे २ मिनिटं २७ सेकंदांनी जादा आहेत, म्हणजे आपल्याकडे चार किलोमीटरपेक्षा जास्त. एवढी चूक असली की लोकांना वाटतं नकाशाच खोटा. दुसरा खड्डा लहान पण फसवा. जुनी शीटं एव्हरेस्ट गोलाभावर आहेत आणि मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर, म्हणजे पृथ्वीचा आकार दोघांनी वेगळा धरला आहे. शीटवर वाचलेले अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये टाकले तर नागपूर भागात तुम्ही दीडशे मीटरहून जास्त चुकीच्या जागी उभे राहाल, म्हणजे दोन वावरं सोडून. सॉफ्टवेअरमध्ये शीटसाठी कलियानपूर डेटम (जुन्या शीटांच्या मोजणीचा पाया) निवडा, आणि मग प्रत्यक्ष खुणांवर ताण देऊन बसवा. खुणा म्हणून रेल्वेची मोरी, जुनं देऊळ, पाळीची टोकं, डाकबंगला घ्या. नाल्याचं वळण कधीही घेऊ नका, ते फिरतं. छोट्या लाइनीचा भराव ही तुमच्या भागातली उत्तम खूण आहे, उपग्रह चित्रावर झाडोऱ्याची बारीक वाकडी पट्टी म्हणून तो दिसतो.

कलियानपूर आणि एव्हरेस्ट हे शब्द आले म्हणून थोडं विषयांतर करतो. ज्या त्रिकोणांच्या साखळीवर हे सगळे नकाशे उभे आहेत ती १८०२ मध्ये मद्रासहून विल्यम लॅम्बटनने सुरू केली. एकवीस वर्षं ती उत्तरेकडे ओढत आणल्यावर हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. नागपूरचा झिरो माइल दगड सगळ्यांना माहीत आहे, पण तिथला खांब १९०७ चा, उंचीचा प्रमाण बिंदू म्हणून उभारलेला. मोजणीचं काम शिकणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात या दोन्ही जागी नेतो. आपल्या तालुक्याच्या शीटवरची प्रत्येक उंची अशाच कुठल्यातरी दगडाला बांधलेली आहे, हे हाताने स्पर्श करून समजतं तसं वर्गात समजत नाही.

परत तुमच्या वाटेकडे. टोपोशीट किती बारीक सांगू शकतं? कागदावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेष म्हणजे एक इंची शीटवर जमिनीवरचे ३० मीटर. म्हणजे वाट तुमच्या धुऱ्याच्या या बाजूने की त्या बाजूने, हे टोपोशीट सांगूच शकत नाही. कुणी मोजणीदार छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्यासाठी गावनकाशा हवा. मध्य प्रांतातले गावनकाशे एका मैलाला १६ इंच या मापाचे, म्हणजे एक इंचाला पाच साखळ्या, ३३० फूट. तिथे अर्धा मिलिमीटर म्हणजे दोन मीटर. गावनकाशावर दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक म्हणजे पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. साडेसोळा फूट ही साखळीची चौथाई. आजचा संगणकी नकाशा बघून थांबू नका, त्यात या तुटक रेषा कधीकधी सुटलेल्या असतात. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मूळ नकाशाची प्रमाणित नक्कल मागा. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात बंदोबस्ताची मिसल (त्या कामाची फाइल) आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख मागा. तो काळ आपण मध्य प्रदेशात असतानाचा, काही कागद हिंदीत असतील. आपल्या मौज्याचाच नव्हे, शेजारच्या रिठी मौज्याचाही नकाशा मागा. वाट दोन मौज्यांतून जाते आणि पुरावा बहुधा शेजारच्या नकाशात सापडतो. माझ्या पाहण्यात असं अनेकदा झालं आहे.

मग अर्ज. असलेल्या रस्त्यात कुणी अडथळा केला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. रस्ता नव्हताच आणि शेताला धुऱ्यावरून वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्हींत फरक मोठा आहे आणि चुकीच्या कलमाखाली अर्ज करून वर्षं घालवलेली माणसं मला माहीत आहेत. तुमचं प्रकरण पहिल्यात बसतं की दुसऱ्यात, हे गावनकाशा हातात आल्यावर वकिलाला विचारून ठरवा. अडथळा केव्हाचा आहे हा प्रश्न पहिल्या कलमात कळीचा असतो, म्हणून तो केव्हा झाला हे सांगणारे साक्षीदार आणि कागद आधी गोळा करा. टोपोशीट सोबत जोडाच. सरकारच्या अधिकाराने तयार झालेल्या नकाशांना १८७२ च्या पुरावा कायद्यातही कलम ३६ आणि ८३ मध्ये स्थान होतं आणि नव्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे. पण ते पुष्टी म्हणून जोडा, मुख्य आधार गावनकाशा आणि निस्तार पत्रक.

एक गोष्ट मात्र लगेच करा, कागद मिळायची वाट न पाहता. नागपूर–नागभीड छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली आणि लाइन ब्रॉडगेज होते आहे. असं काम झालं की जुने भराव रुंद होतात, मोऱ्या बदलतात, जुनी फाटकं बंद होऊन मोजक्या ठिकाणी भुयारी मार्ग येतात. तुमची वाट जिथे रूळ ओलांडत होती ती जागा तुमच्या सगळ्या शोधातला सगळ्यात भक्कम बिंदू आहे. टोपोशीटवर वाट आणि रूळ जिथे छेदतात तिथे जाऊन उभे राहा. जुनं फाटक, मैलाचा दगड, रेल्वेच्या हद्दीचे दगड, मोरीवर कोरलेला क्रमांक, जे उरलं असेल त्याचे फोटो काढा, जीपीएसचे आकडे लिहा, तारीख टाका. फाटक होतं म्हणजे रेल्वेने तिथे रहदारी मान्य केली होती, आणि रेल्वेच्या दप्तरात त्या फाटकाचा क्रमांक व जागा असते. ती माहितीच्या अधिकारात मागता येते.

कापणीनंतर जा, वावरं मोकळी असतात आणि चिंचेच्या ओळी दुरून दिसतात. गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस बंडीत बसवून सोबत न्या. शीट त्याच्या हातात देऊ नका, नकाशा दाखवला की माणसं नकाशासारखं बोलू लागतात. त्याला फक्त विचारा की लग्नाची वरात स्टेशनावर कुठून जायची, आणि तो बोट दाखवेल तिकडे बंडी वळवा. शीट नंतर उघडा.